कॉनी मॅकची कॉलर

कॉनी मॅकच्या 1911 च्या सुमाराच्या अर्धाकृती छायाचित्रापाशी आपण जरा थांबूया आणि चेहऱ्याची घाई न करता आधी गळ्याशीच रेंगाळूया. खळ देऊन ताठ केलेली ती उंच, शुभ्र कॉलर, तिच्याखाली टाय, गडद कोट. एखाद्या पेढीवरच्या जुन्या कारभाऱ्याला शोभावा असा हा वेष, आणि माणूस मात्र बेसबॉलचा! फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या संघाचा भागीदार आणि व्यवस्थापक. त्याच्या बरोबरीचे बहुतेक व्यवस्थापक खेळाडूंचाच गणवेश चढवीत. हा डगआउटच्या, म्हणजे मैदानाकाठच्या संघाच्या बैठकीच्या, सावलीत सूट घालून बसे आणि हातातले स्कोअरकार्ड हलकेच हलवून दूरच्या क्षेत्ररक्षकांना दोन पावले इकडे, चार पावले तिकडे सरकवी. खेळाडू त्याला ‘मिस्टर मॅक’ म्हणत. त्या संबोधनातले अंतर आणि त्यातली माया, दोन्ही मला या कॉलरीत दिसतात.

आता दृष्टी वर नेऊ. शुभ्र कॉलरीतून समईच्या दांडीसारखा सरळ वर आलेला तो लांबट, कृश चेहरा. खोल डोळ्यांत आरडाओरडा नाही, पण काहीही न सुटणारी शांत मोजणी आहे. 1910 आणि 1911, लागोपाठ दोन वर्षे त्याच्या संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. तरी ओठांवर विजयाची रेघसुद्धा उमटू दिलेली नाही. हा संयम मला फार देखणा वाटतो.

आणि हात? ते चौकटीबाहेर राहिले आहेत, आणि रसिकाने नेमके तेच मनाने पाहावेत. ईस्ट ब्रुकफील्ड या गावातल्या जोड्यांच्या कारखान्यात राबलेले, मग 1886 पासून अकरा हंगाम कॅचर म्हणून तुटपुंज्या हातमोज्यांत वेगवान चेंडू झेलताना बोटे मोडून वाकडी झालेले ते हात. एकदा ते आठवले, की कॉलर वेगळीच दिसू लागते: कष्टाने कमावलेली, रोज नव्याने ताठ केलेली.

पुढे याच माणसाने 1914 च्या वर्ल्ड सीरिजमधल्या पराभवानंतर आपला सोन्यासारखा संघ मोडला. खेळाडू एडी कॉलिन्सला 50,000 डॉलरना विकले, आणि 1916 मध्ये संघ 117 सामने हरला. तरी तो डगआउटमधून उठला नाही. 1950 साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, तो निवृत्त झाला तेव्हा जगाने केव्हाच मऊ कॉलरी पत्करल्या होत्या. त्याच्या उतारवयातल्या छायाचित्रांत मात्र, सुरकुतलेल्या गळ्याभोवती, तीच खळीची कॉलर उभी आहे.