हस्ताक्षरवळणाचा ‘कलम’ टंक : उपयोजन आणि मर्यादा

प्रास्ताविक : कोणत्या प्रसंगी कोणते अक्षर वापरावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. पोथीसाठी बाळबोध आणि दप्तरातील भराभर लिहावयाच्या कागदांसाठी मोडी, अशी विभागणी पूर्वी रूढ होती. मोडी व्यवहारातून गेली. मात्र संगणकीय टंकांमुळे हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पर्यटनप्रधान किनाऱ्यावर पाट्यांचे अक्षर हेही आतिथ्याचे अंग ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘कलम’ या टंकाचा विचार मालवण किनाऱ्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

विवेचन : इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा टंक २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. देवनागरी व रोमन या दोन्ही लिपी आणि तीन जाडी त्यात आहेत. किंचित तिरपे, पेनाने सहज लिहिल्यासारखे वळण हे त्याचे वैशिष्ट्य होय. या वळणामुळे मजकुराला घरगुती जवळीक लाभते. न्याहारी-निवासाच्या घरातील स्वागताची ओळ, खानावळीतील सोलकढी व बांगड्याच्या तिखल्याचा फलक, बालपुस्तकातील संवाद येथे तो शोभून दिसतो. कारण तेथे एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीशी बोलत असते.

तथापि हाताने लिहिताना एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे उमटत नाही. टंकातील प्रत्येक ‘क’ मात्र सारखाच असतो. दोन-तीन ओळींत हे जाणवत नाही, पानभर मजकुरात ते उघडे पडते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षके त्या त्या नाटकाच्या प्रकृतीनुसार रेखाटली. तयार टंकाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

अधिक गंभीर मर्यादा सुवाच्यतेची आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असतो. सैल वळणात हा खंड दुरून पुसट होण्याचा संभव असतो. किनाऱ्यावरील सूचनेत ‘भरती’ हा शब्द ‘मरती’ असा वाचला गेल्यास ती केवळ सौंदर्यदृष्टीची चूक राहत नाही. तारकर्लीसारख्या ठिकाणी इशारा देणारे फलक, नौकांच्या वेळा आणि दरपत्रके यांसाठी सरळ, ठसठशीत टंकच योग्य होय.

औचित्याचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे हिग्ज बोसॉनविषयीचे निष्कर्ष मांडताना ‘कॉमिक सॅन्स’ हा १९९४ मधील अनौपचारिक टंक वापरला गेला. परिणामी थोर शोधाबरोबर त्याच्या अक्षरांचीही थट्टामिश्रित चर्चा झाली.

निष्कर्ष : जेथे बोलणारी व्यक्ती वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते, तेथे ‘कलम’ वापरावा आणि तोही थोडक्या मजकुरापुरता. जेथे संस्था बोलते किंवा जिवाचा प्रश्न असतो, तेथे तो टाळावा. जवळीक हा अक्षराचा गुण खराच. परंतु समुद्राकाठी वाचकाला प्रथम अचूक अर्थ मिळाला पाहिजे.