संगत आणि उपचार

अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने निद्रानाश जातो, अशी विधाने आपल्याकडील संगीतसभांतून वारंवार कानी पडतात. त्यांविषयी आम्हांला नेहमीच संकोच वाटत आला आहे. त्यामुळे पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांचा 'क्रिएटिव्ह म्युझिक थेरपी' (१९७७) हा ग्रंथ आम्ही काहीशा साशंकतेनेच हाती घेतला.

नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतरचनाकार, तर रॉबिन्स हे विशेष मुलांचे इंग्रज शिक्षक. इंग्लंडमधील सनफील्ड या बालगृहात १९५९ साली दोघांचे सहकार्य सुरू झाले. त्यांच्या पद्धतीत मूल श्रोता नसते, वादक असते. त्याच्यापुढे ढोल व झांज ठेवायची, आणि पियानोवादकाने त्याच्या प्रत्येक आघातामागे जायचे. एडवर्ड या नावाने नोंदलेल्या मुलाचे प्रकरण या ग्रंथाचा प्राण आहे. हा मुलगा आक्रोश करतो. नॉर्डॉफ त्याला गप्प करीत नाहीत. त्या आक्रोशाचा स्वर हेरून पियानोवर आणि कंठाने त्याला उत्तर देतात. हळूहळू रडण्यालाच स्वर सापडू लागतो.

हे वाचताना आम्हांला आपल्या भाषेतील 'संगत' हा शब्द आठवला. तबलजी गवयाची संगत करतो आणि माणूस माणसाची संगत धरतो. दोन्हींसाठी मराठीने एकच शब्द राखला आहे. फरक इतकाच, की येथे कसलेला कलावंत साथीला बसतो आणि मुख्य आसन मुलाला मिळते.

तथापि ग्रंथाचे उणेपणही नोंदवले पाहिजे. लेखकांची निरीक्षणे सूक्ष्म आहेत, परंतु निवडक प्रकरणांवरून सर्वसामान्य निष्कर्ष काढता येत नाही. पुढे नऊ देशांतील ३६४ स्वमग्न बालकांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या साहाय्याला उत्स्फूर्त संगीतोपचाराची जोड दिल्यानेही सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत पाच महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. उलट २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यासांचा एकत्रित विचार होऊन एकंदर सुधारणा व जीवनमान यांबाबत लाभ संभवतो, असा सावध निर्वाळा मिळाला. सामाजिक व्यवहार आणि बोलणे यांबाबत मात्र उपचार संपताच स्पष्ट फरक दिसला नाही.

आम्ही आयुष्यभर सरकारी कागद हाताळले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. २०१६ च्या अधिनियमाने एकवीस प्रकार मानले, तेव्हा ते मिळाले. नाव मिळाले की उपचार विकणारेही दारी येतात. थकलेल्या आईबापांना 'मूल बरे होईल' असे सांगून संगीत विकणे हा संगीताचाही अपमान आहे.

मग हा ग्रंथ का वाचावा? ज्या मुलाकडून सर्वांनी केवळ शांततेची अपेक्षा केली, त्याचे ओरडणेही लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे, हे तो दाखवतो म्हणून. सयाजीरावांच्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा उघडली, तेव्हा घराण्यांचे संगीत सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचले. त्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या सभागृहांत एखादे मूल मध्येच ओरडले, तर माना वळतात आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर जाते. ती उठण्यापूर्वी आपण तिला थांबवू शकलो, तर हा ग्रंथ आपल्याला कळला, असे आम्ही म्हणू.