परत न येणारी धून

पाश्चात्त्य अभिजात संगीत आपण कधी ऐकलंच नाही असं म्हणणाऱ्यालाही चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोची सुरुवात ओळखीची वाटते. चार हॉर्न एका सुरात चार उतरते स्वर वाजवतात, वाद्यवृंद त्यावर ठोके देतो. मग व्हायोलिन आणि चेलो एक लांबरुंद धून गाऊ लागतात आणि पियानोवादक पियानोच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत भरदार कॉर्ड वाजवत त्या धुनेला साथ देतो. कॉन्चेर्तो म्हणजे एका वादकाने अख्ख्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायची रचना. तिचे बहुधा तीन भाग असतात.

ही धून मूळ रचनेतून सुटून कुठे कुठे फिरली आहे! १९४१ साली अमेरिकेत फ्रेडी मार्टिनच्या डान्स बँडने तिचं एक प्रेमगीत केलं आणि ते तुफान चाललं. ऐंशी वर्षांनी ती टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये वाजली. उत्तेजकांच्या प्रकरणामुळे रशियाचा झेंडा आणि राष्ट्रगीत यांवर बंदी होती, म्हणून सुवर्णपदक मिळालेल्या रशियन खेळाडूंसाठी राष्ट्रगीताच्या जागी हाच तुकडा वाजवला जाई. बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्येही तेच झालं. ते खेळ २० फेब्रुवारी २०२२ रोजी संपले आणि २४ तारखेला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या.

त्यानंतर एक प्रश्न सतत विचारला जातो: रशियन संगीताच्या मैफलींचं काय करायचं? मार्च २०२२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ फिलहार्मोनिकने चायकोव्हस्कीची '१८१२' ही रचना कार्यक्रमातून काढली आणि जगभर गदारोळ झाला. एका बाजूने 'बंदी घाला', दुसऱ्या बाजूने 'संगीताला सीमा नसतात'. ही दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात, कारण ती द्यायला संगीत ऐकावंच लागत नाही. म्हणून मी इथे एक मैफल ऐकायचं ठरवलं आहे. 'रशियन' हा शब्द जिच्यावर सगळ्यात ठळक छापला गेला, अशी.

एप्रिल १९५८, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा मोठा हॉल. आदल्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला होता. विज्ञानात आपण पुढे आहोत हे दाखवून झालं, आता कलेत दाखवायचं, म्हणून पहिली आंतरराष्ट्रीय चायकोव्हस्की स्पर्धा भरवली होती. एमिल गिलेल्स परीक्षकांचा अध्यक्ष, स्व्यातोस्लाव रिख्टर परीक्षकांत. पियानोच्या अंतिम फेरीत टेक्सासहून आलेला तेवीस वर्षांचा उंच, कुरळ्या केसांचा मुलगा बसला होता: व्हॅन क्लायबर्न. वाद्यवृंदाचा संचालक किरील कोंड्राशिन. क्लायबर्नने चायकोव्हस्कीचं पहिलं आणि राखमानिनॉफचं तिसरं कॉन्चेर्तो वाजवलं आणि हॉल उठून उभा राहिला. अमेरिकन स्पर्धकाला पहिलं बक्षीस द्यायचं की नाही हे ख्रुश्चेव्ह यांना विचारावं लागलं, असं सांगतात. बक्षीस मिळालं. न्यूयॉर्कमध्ये त्याची उघड्या गाडीतून कागदी फितींच्या वर्षावात मिरवणूक निघाली. टाइम साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं, रशिया जिंकणारा टेक्सन म्हणून.

मे महिन्यात क्लायबर्न आणि कोंड्राशिन यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये चायकोव्हस्कीचं हेच कॉन्चेर्तो रेकॉर्ड केलं. दहा लाखांवर खपलेली ती पहिली अभिजात संगीताची एलपी. राखमानिनॉफचं त्याच हॉलमधलं मैफलीतलं वादनही रेकॉर्ड झालं. दोन्ही आज फोनवर ऐकता येतात. एवढंच करा, की इअरफोन लावा आणि पहिल्या चार मिनिटांनंतर थांबू नका.

कारण चार मिनिटांनंतर ती प्रसिद्ध धून संपते. पस्तीस-एक मिनिटांच्या रचनेत ती पुन्हा कधीच येत नाही.

आपल्या कानांना हे फार विचित्र वाटतं. मुखडा परत येणार, सम गाठली जाणार, या भरवशावर आपण ख्याल ऐकतो, ठुमरी ऐकतो, सिनेमातलं गाणंही ऐकतो. गायक कितीही लांब भटकला तरी घरी येतो. इथे चायकोव्हस्की दारातच सगळ्यात देखणी धून देतो आणि मग जणू तिचं नावही काढत नाही. अनेक समीक्षकांनी याला रचनेतला दोष म्हटलं. मला तो दोष वाटत नाही. ती धून मला प्रवेशद्वारासारखी वाटते. दार भव्य आहे म्हणून लोक दारातच फोटो काढून परत जातात. घर आत आहे.

आत काय आहे? पहिल्या भागाचा मुख्य विषय सुरू होतो तो एका उड्या मारणाऱ्या, अडखळत पळणाऱ्या सुरावटीने. ही सुरावट चायकोव्हस्कीची नाही. युक्रेनमधल्या कामियांका गावी त्याची बहीण राहायची. तो तिथे वरचेवर जाई, आणि तिथल्या जत्रेत आंधळे गायक गात तेव्हा ही चाल त्याने ऐकली. लिर्निक म्हणत त्यांना. हाताने चाक फिरवून वाजवायच्या तंतुवाद्यावर ते गात आणि मिळेल त्यावर जगत. आपल्याकडे जत्रेत एकतारी घेऊन बसलेला आंधळा भजनी डोळ्यासमोर आणा. त्या भागातला प्रत्येक आंधळा गायक हीच चाल गातो, असं चायकोव्हस्कीने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलं आहे. शेवटच्या भागाचा मुख्य विषय म्हणजे युक्रेनी वसंतगीत, मुलींनी फेर धरून म्हणायचं. आणि मधल्या संथ भागात, फ्लूटची शांत धून झाल्यावर, व्हायोला आणि चेलो अचानक एक खट्याळ फ्रेंच गाणं वाजवून जातात, वर पियानो पाऱ्यासारखा पळत असतो.

म्हणजे राष्ट्रगीताच्या जागी बसवलेल्या या रचनेच्या गाभ्यात भिकाऱ्यांची युक्रेनी चाल, मुलींचं युक्रेनी गाणं आणि पॅरिसची एक गंमत आहे. तिचा पहिला प्रयोगही रशियात झाला नाही. १८७४ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्कीने ती निकोलाय रुबिनस्टाइनला वाजवून दाखवली आणि त्याने ती धुडकावून लावली, म्हणून ती जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोकडे गेली आणि २५ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेत, बॉस्टनला, पहिल्यांदा वाजली. रुबिनस्टाइनने नंतर मत बदललं आणि ती उचलून धरली, ही त्याची मोठेपणाची बाजू.

त्या गाजलेल्या कॉर्डचंही तसंच. रशियन ताकद म्हणून आपण जे घणाचे घाव ऐकतो, ते सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तसे नव्हते. तिथे स्वर वीणेवर बोट फिरवल्यासारखे एकामागून एक उलगडतात. चायकोव्हस्कीने मृत्यूच्या नऊ दिवस आधी, ऑक्टोबर १८९३ मध्ये, आपल्या अखेरच्या मैफलीत हे कॉन्चेर्तो संचालित केलं तेही याच जुन्या रूपात, असं चायकोव्हस्की संग्रहालयाच्या संशोधनातून पुढे आलं आहे. किरील गेरस्टाइनचं त्या आवृत्तीचं २०१५ मधलं रेकॉर्डिंग ऐका. त्यात पियानो व्हायोलिनच्या धुनेवर चढून बसत नाही, तिच्याखाली अंथरूण घालतो.

आता क्लायबर्नकडे परत येऊ. त्याच्यासमोर प्रचलित आवृत्तीच होती, घणाघाती कॉर्डवाली. तरीही तो घण घालत नाही. व्लादिमिर होरोविट्झ आणि आर्तुरो तोस्कानिनी यांचं १९४३ सालचं कार्नेगी हॉलमधलं वादन शेजारी ठेवा. युद्धकर्ज उभारण्यासाठीची ती मैफल होती आणि तिच्यात रेल्वेगाडीचा वेग आहे, तसाच पोलादी आवाज. थरार आहे, नाही कोण म्हणेल? पण लिर्निकाची चाल त्या गाडीच्या खिडकीतून दिसेनाशी होते. क्लायबर्न वेग कमी ठेवतो. त्याच्या कॉर्डना कडा नाहीत, गोलाई आहे. धून व्हायोलिनची आहे हे तो विसरत नाही. पुढे ती अडखळती चाल येते तेव्हा तो प्रत्येक उडी ऐकू देतो. मधल्या भागात फ्लूटकडून सुरावट घेताना त्याची बोटं जवळजवळ बोलतात. जिंकायला आलेला माणूस इतक्या निवांतपणे वाजवत नाही.

उणीवही आहे. शेवटचा भाग नाचाचा आहे, त्याला जमिनीवर आपटणारे पाय हवेत. क्लायबर्न तिथेही सभ्य राहतो. हे पाय ऐकायचे असतील तर मार्था आर्गेरिचचं १९८० मधलं म्युनिकचं मैफलीतलं वादन काढा. तिथे वसंतगीत खरंच फेर धरतं, तोल जाईल की काय अशी भीती घालत. आणि संचालक कोण? तोच किरील कोंड्राशिन. मधल्या काळात, १९७८ च्या डिसेंबरात, तो सोव्हिएत संघ कायमचा सोडून नेदरलँड्समध्ये राहिला होता.

१९५८ च्या त्या मैफलीतलं दुसरं कॉन्चेर्तो नेमकं उलट वागतं. राखमानिनॉफचं तिसरं कॉन्चेर्तो एका साध्या सुरावटीने उघडतं. दोन्ही हात तेच स्वर वाजवतात, प्रार्थना गुणगुणल्यासारखे. ही सुरावट मात्र सारखी परत येते, दुसऱ्या भागात वेश बदलून, तिसऱ्यात पुन्हा. राखमानिनॉफने १९१७ मध्ये रशिया सोडला, तो परत गेला नाही आणि १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. त्यामुळे परतणाऱ्या सुरावटीत निर्वासिताची ओढ ऐकण्याचा मोह होतो. पण हे कॉन्चेर्तो १९०९ चं, त्याच्या आवडत्या इवानोव्हका या रशियन खेड्यात लिहिलेलं. तेव्हा त्याला घर सोडायचं आहे हे ठाऊक नव्हतं. अर्थ नंतर चिकटतात. मॉस्कोच्या हॉलमध्ये परागंदा झालेल्या माणसाची ही रचना परदेशी मुलाने वाजवली तेव्हा ऐकणाऱ्यांना काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटलं असेल, तर तो अर्थ त्या संध्याकाळचा होता.

आणि 'परदेशी मुलगा' तरी किती परदेशी? न्यूयॉर्कच्या जुइलियर्डमध्ये क्लायबर्नला शिकवणाऱ्या रोझिना लेव्हिन मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या सुवर्णपदक विजेत्या होत्या. म्हणजे मॉस्कोचंच वादन टेक्सासमार्गे मॉस्कोत परत आलं. आता जन्मगावं बघा. रोझिना लेव्हिन, कीव. होरोविट्झ, कीव. रिख्टर, झितोमिर. गिलेल्स, ओडेसा. जिला जग रशियन पियानो परंपरा म्हणतं, तिच्यातली ही चारही माणसं आजच्या युक्रेनमध्ये जन्मली. त्यांना आता ओढून युक्रेनी ठरवायला मी निघालेली नाही. त्यांची घडण साम्राज्याच्या शहरांत झाली, त्यांतली काही घरं ज्यूंची होती, आणि पासपोर्टाच्या एका रकान्यात ही आयुष्यं मावत नाहीत. पण साम्राज्य काय करतं ते इथे दिसतं. चाल कुठल्याही जत्रेतली असो, वर नाव राजधानीचं लागतं.

हा प्रश्न कागदावरचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये युक्रेनच्या संस्कृती मंत्रालयाने जाहीर केलं की खेरसोनचे वाद्यवृंदसंचालक युरी केरपातेन्को यांना रशियन सैनिकांनी त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. व्याप्त शहरात सगळं सुरळीत आहे हे दाखवण्यासाठी एक मैफल ठरली होती आणि केरपातेन्कोंनी तिच्यात सहभागी व्हायला नकार दिला होता. 'संगीताला सीमा नसतात' हे वाक्य ज्यांना सहज सुचतं, त्यांनी ते या घटनेसमोर ठेवून पाहावं. मैफल ही कधीच नुसती मैफल नसते. १९५८ ची नव्हती, १९४३ ची नव्हती, खेरसोनची तर नव्हतीच.

मग ऐकायचं की नाही? ऐकायचं, आणि पूर्ण ऐकायचं. कोणाचं युद्ध चालू असताना त्यांनी चायकोव्हस्की नको म्हटलं, तर तो त्यांचा हक्क आहे. लांब बसून त्यांना उदारपणा शिकवण्याचा आपल्याला नाही. पण आपण जेव्हा ऐकतो, तेव्हा निदान आत काय आहे ते माहीत असावं. मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात २००६ मध्ये स्थापनेपासून कझाकस्तानातून आलेले वादक आहेत. सोव्हिएत शिक्षणपद्धतीचा धागा असा आपल्या शहरापर्यंतही पोचला आहे. अशा सभागृहात हे कॉन्चेर्तो होईल तेव्हा माहितीपत्रकात कामियांकाच्या जत्रेच्या दोन ओळी असाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. 'रशियन आत्मा' वगैरे शब्दांपेक्षा त्या दोन ओळी कानांना जास्त उपयोगी पडतील.

राष्ट्रगीताच्या जागी निवडलेला तुकडा रचनेत एकदा येऊन कायमचा निघून जातो, आणि जत्रेतल्या आंधळ्याची चाल मात्र पहिला भाग चालवते. ऑलिम्पिकसाठी धून निवडणाऱ्यांनी पुढचं ऐकलं नसावं.