विक्रम आणि नोंद

मे २०२४च्या शेवटच्या आठवड्यात नागपूर ५६ अंशांवर गेलं. म्हणजे नागपूर गेलं नाही, शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा तिथं गेला. जगातला मान्यताप्राप्त उच्चांक ५६.७ अंशांचा आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा. त्याच्या इतक्या जवळ आपण पोचलो म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे व्हायचं ते झालं. स्क्रीनशॉट फिरले, ‘विदर्भ होरपळला’ असे मथळे आले, कूलरसमोर बसलेल्या माणसालाही अचानक जास्त गरम व्हायला लागलं. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आकडा खरा नाही. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीजवळच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश दिसले होते. तिथला सेन्सरही तीन अंश जास्त दाखवत होता, असं तपासणीत निघालं.

खुलासा मात्र फिरला नाही. तो कुणाच्या स्टेटसला लागला नाही.

मला या प्रसंगात हवामानापेक्षा भाषेची गंमत जास्त वाटते. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ हा एकच शब्द दोन कामं करतो. मराठीनं ती दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत : विक्रम आणि नोंद. विक्रम मोडायचा असतो, नोंद ठेवायची असते. विक्रम एका दुपारचा असतो. नोंदीला वर्षानुवर्षं जगावं लागतं. इतका नेमका फरक भाषेनं हातात दिलेला असताना आपलं हवामानाबद्दलचं जवळजवळ सगळं लिखाण विक्रमाच्या मागं धावतं, अशी माझी तक्रार आहे. ती नीट मांडायची तर आपल्या उन्हापासून जरा लांब, थेट अंटार्क्टिकात जावं लागेल. कारण नोंद हा लेखनप्रकार तिथं सगळ्यात शुद्ध रूपात सापडतो.

आधी तिथला विक्रम बघू. ९ फेब्रुवारी २०२०ला अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या सेमूर बेटावर ब्राझीलच्या संशोधकांच्या यंत्रानं २०.७५ अंश दाखवले. अंटार्क्टिकात पहिल्यांदा वीसच्या वर! जगभर बातमी झाली. त्याआधी तीनच दिवस, ६ फेब्रुवारीला, अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा स्थानकावर १८.३ अंश नोंदले गेले होते. जागतिक हवामान संघटनेनं दोन्ही आकडे तज्ज्ञांच्या समितीकडे दिले. समितीनं २०२१मध्ये १८.३ मान्य केला आणि २०.७५ नाकारला. कारण साधं होतं. सेमूर बेटावरच्या सेन्सरवर उन्हापासून बचाव करणारं जे कवच होतं ते जुळवाजुळव करून बसवलेलं होतं, त्यामुळे आकडा फुगत होता. मान्य झालेला १८.३ हासुद्धा उच्चांकच होता, पण वीस ओलांडल्याची चव त्याला नव्हती. नागपूरचं ५६ आणि सेमूरचं २०.७५ ही सख्खी भावंडं आहेत.

आता नोंद बघू. साहित्यकृती बघावी तशीच बघू, कारण तीही एक संहिता आहे. ध्रुवीय स्थानकाच्या तापमानाचा तक्ता उघडला तर डावीकडे वर्ष, वर महिने, मधे आकडे. विशेषण एकही नाही. ‘कडाक्याची’, ‘हाडं गोठवणारी’, ‘अंगाची लाही लाही’ असं काही नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उंचीवर, सावलीत हवा किती अंश होती एवढंच. सावली म्हणजे पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची ती लाकडी पेटी, स्टीव्हन्सन स्क्रीन. ती तयार करणारा थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारा इंजिनिअर होता आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. मुलानं खजिन्याची गोष्ट लिहिली, बापानं पेटी बनवली. लोकांना अर्थातच मुलगा माहीत आहे.

या लेखनाला लेखकही एक नसतो. दक्षिण ऑर्कनी बेटांवरच्या ऑर्कादास स्थानकाची नोंद १९०३मध्ये एका स्कॉटिश मोहिमेनं सुरू केली, १९०४मध्ये अर्जेंटिनानं ती हाती घेतली आणि ती आजही चालू आहे. फॅरेडे हे ब्रिटिश स्थानक १९९६मध्ये युक्रेनकडे गेलं, त्याचं नाव व्हर्नाडस्की झालं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तरी तिथलं काम थांबलं नाही. आपल्या मैत्री स्थानकाचा शेजारी नोवोलाझारेव्हस्काया १९६१पासून आहे. ते सुरू केलेला सोव्हिएत संघ नकाशावर उरला नाही, नोंद उरली. देश बदलले, झेंडे बदलले, वाचणारी माणसं दर वर्षी बदलली. पुढच्या माणसानं मागच्या माणसाचं वाक्य तिथूनच पुढं चालू ठेवलं. ज्ञानेश्वरीच्या नकला करणाऱ्या लोकांना हे काम लगेच समजलं असतं.

माझ्या धंद्यात याला लॉग म्हणतात. चांगला लॉग कंटाळवाणा असतो आणि काही मोडेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. मोडलं की मात्र सगळी खोली त्याच्याभोवती जमते. लॉगचा पहिला नियम असा : जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहायचं. तापमानाच्या तक्त्यात वादळामुळे वाचन चुकलं तर तिथं शून्य लिहून चालत नाही, कारण शून्य अंश हे खरंखुरं तापमान आहे. म्हणून अशा फायलींत पुष्कळदा उणे ९९९ सारखी अशक्य संख्या ठेवतात. ती न ओळखता सरासरी काढणाऱ्याचं अंटार्क्टिका विश्वाच्या किमान तापमानाच्याही खाली जाईल. पण मला ती संख्या आवडते. ‘इथं मला ठाऊक नाही’ असं इतक्या स्पष्टपणे म्हणणारं लिखाण कमी असतं.

अशी संहिता वाचायची कशी? इथं वाचकाची खरी परीक्षा आहे, आणि इथं दोन्ही बाजूंचे लोक नापास होताना दिसतात.

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट स्थानकाची नोंद १९५७पासूनची आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं की १९८९ ते २०१८ या तीस वर्षांत तिथलं तापमान दर दशकाला सुमारे ०.६ अंशांनी वाढलं, म्हणजे जगाच्या सरासरीच्या तिप्पट वेगानं. पण त्याआधीची काही दशकं तोच ध्रुव थंड होत होता. म्हणजे रेघ कुठून सुरू करायची हे ठरवलं की गोष्ट कुठली सांगायची हेही ठरतं. उलटं उदाहरण फॅरेडेचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथलं तापमान पन्नास वर्षांत अडीच-तीन अंश चढलं. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं द्वीपकल्पावरची ती चढण थांबली. झालं, ‘तापमानवाढ थापा आहे’ म्हणणाऱ्यांना हवा तो तुकडा मिळाला. ज्यांनी ही थांबलेली चढण शोधली त्यांनीच लिहिलं होतं की वाऱ्यांच्या नैसर्गिक चढउतारात अशी काही वर्षं बसतात, यानं दीर्घ कल खोटा ठरत नाही. ध्रुवावरच्या वाढीबद्दलही तिच्या संशोधकांनी हेच तारतम्य ठेवलं होतं : नैसर्गिक चढउतार मोठा आहे, आणि हरितगृह वायूंनी त्यात भर घातल्याची शक्यता दाट आहे. एका वाक्यात दोन्ही. आपल्या फॉरवर्डमध्ये त्या वाक्याचा एकच अर्धा भाग येतो, पाठवणारा ज्या बाजूचा असेल तो.

म्हणून फक्त नाकारणाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. तापमानवाढ खरी आहे असं मानणारे आपण, नागपूरचं ५६ बघून ‘बघा, सांगत होतो ना’ म्हणतो तेव्हा आपणही विक्रमाचेच भक्त असतो. एक खोटा विक्रम पकडला गेला की समोरच्याला शंभर वर्षांच्या खऱ्या नोंदीवरही हसायला जागा मिळते.

नोंद मात्र निष्पाप असते असंही समजू नये. तीही माणसांनी, कुठंतरी उभं राहून लिहिलेली असते. ब्रिटनचं हॅले स्थानक तरंगत्या हिमस्तरावर आहे. १९५६पासून ते बर्फात गाडलं गेलं, पुन्हा बांधलं गेलं. सध्याचं सहावं स्कीसारख्या पायांवर उभं आहे आणि बर्फाला तडा जातोय म्हणून तेही २३ किलोमीटर ओढून नेलं. मग ‘हॅलेचं तापमान’ म्हणजे नक्की कुठल्या जागेचं? आपल्याकडेही तेच. दक्षिण गंगोत्री हे भारताचं पहिलं स्थानक १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलं. नागपुरात जन्मलेल्या आदिती पंत त्याच मोहिमेत होत्या. ते स्थानक हिमस्तरावर होतं आणि हळूहळू बर्फाखाली गेलं. १९८९मध्ये उभं राहिलेलं मैत्री शिर्माकर ओअ‍ॅसिसच्या उघड्या खडकावर आहे. उन्हाळ्यात खडक तापतो, बर्फ ऊन परत फेकतो. या दोन स्थानकांचे आकडे एकाखाली एक चिकटवून ‘भारतीय अंटार्क्टिकाचं तापमान’ अशी सलग रेघ ओढली, तर त्या रेघेत हवामानाइतकाच घर बदलल्याचा परिणाम दिसेल.

म्हणून शास्त्रज्ञ नोंदी दुरुस्त करतात. जागा बदलली, यंत्र बदललं, वाचनाची वेळ बदलली, त्याचा हिशोब करून आकडे जुळवून घेतात. ‘आकड्यांत फेरफार केला’ हा आरोप इथूनच येतो. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला मात्र हे परकं वाटू नये. आपल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. पुढं मूळ पोथी धामधुमीत हरवली, स्मरणातून पुन्हा लिहिली गेली आणि तिचे वेगवेगळे पाठ झाले. आजचा अभ्यासक ते पाठ शेजारी ठेवतो, कुठला शब्द कुणाच्या परंपरेतला ते सांगतो, मग निवड करतो. त्याला कुणी फेरफार म्हणत नाही, पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच केली. तापमानाच्या नोंदीची दुरुस्ती ही पाठचिकित्साच आहे, आणि अट तीच आहे : मूळ पाठ फेकायचा नाही, काय बदललं आणि का बदललं ते तळटीपेत लिहायचं. ज्या दुरुस्तीला तळटीप नाही तिच्यावर संशय घ्यायचा हक्क वाचकाला आहे.

हे सगळं चांदूर रेल्वेत बसून कशाला, असं कुणी विचारेल. आमच्याकडे प्रत्येक पारावर एक वाक्य ऐकू येतं, ‘पयले एवढं ऊन नव्हतं गा’. हे वाक्य खरं असू शकतं. पण आठवण ही विक्रमांचीच वही असते, तिच्यात साधे दिवस टिकत नाहीत. २०२४च्या मेमध्ये अकोल्यात उन्हामुळे कलम १४४ लावलं गेलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहील. त्याच वर्षी रात्रीचं तापमान किती खाली उतरलं हे कुणी सांगू शकणार नाही, आणि दिवसभर उन्हात राबलेलं शरीर सावरतं ते रात्रीच्या गारव्यात. शिवाय आता आकड्याला पैसे बांधलेले आहेत. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत संत्र्याला भरपाई मिळणार की नाही, हे मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या तापमान-पावसाच्या आकड्यांवर ठरतं. ते केंद्र टिनाच्या छपराजवळ आहे की मोकळ्या गवतावर, सेन्सर शेवटचा कधी तपासला, मधले दिवस कोरे आहेत का, हे प्रश्न अंटार्क्टिकातल्या समितीनं सेमूर बेटाला विचारले. वरुड-मोर्शीच्या बागायतदारालाही ते विचारता आले पाहिजेत, आणि उत्तर मराठीत मिळालं पाहिजे.

मराठीत अंटार्क्टिका म्हटलं की पेंग्विन, सहा महिन्यांची रात्र आणि माणसाची जिद्द येते. आपल्या हवामान खात्याची माणसं मैत्रीवर दिवसातून अनेकदा जे लिहीत आली, त्यावर लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं धरतात. मैत्रीनं ती केव्हाच ओलांडली. आता मैत्री-२ उभारायची तयारी चालू आहे. त्या बातमीत इमारतीचं चित्र असेल, खर्चाचा आकडा असेल. माझ्या मते वाचकानं विचारायचा प्रश्न वेगळा आहे : जुन्या पेटीतला थर्मामीटर नव्या पेटीशेजारी किती दिवस चालू ठेवणार? दोन्ही काही काळ बरोबर चालले, तरच जुनं वाक्य नव्या स्थानकात पुढं चालू राहील. नाहीतर पस्तीस वर्षांची संहिता तिथं संपेल आणि दुसरी पहिल्या पानापासून सुरू होईल.

येत्या मेमध्ये पुन्हा एखादा स्क्रीनशॉट येईल. आकडा मोठा असेल. पुढं पाठवायच्या आधी चार गोष्टी बघा : कुठल्या केंद्राचा, कुठल्या यंत्राचा, तिथं नोंद कधीपासून आहे, आणि मधे काय बदललं. चारही उत्तरं मिळाली तर जरूर पाठवा. एरवी तो आकडा दुसऱ्या दिवशीच्या खुलाशापर्यंत ठेवून द्या आणि तो खुलासाही तितक्याच उत्साहानं पाठवा.