बीट कवी आणि मराठी अनियतकालिके : प्रभाव की मैत्र?

अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आला. त्या आधारे साठोत्तरी मराठी बंडखोरीचे पितृत्व बीट कवींना बहाल केले जाते. कालक्रम त्याला दुजोरा देत नाही : दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृतींचे ‘शब्द’ १९५४चे, गिन्सबर्गचे ‘हाऊल’ १९५६चे. नंतरची देवाणघेवाण मान्य करूनही खरे साम्य मैत्रीच्या वाङ्मयीन कार्यात आढळते. ‘हाऊल’ फर्लिंगेट्टी या कवीनेच प्रकाशित केले. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) व ‘भिजकी वही’ (२००३) अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराबाहेरची कविता मित्रांच्या निष्ठेवर तगली. मात्र त्याच वर्तुळात तिचे वाचनही सीमित होण्याचा धोका असतो. म्हणून प्रभावशोधापेक्षा या प्रकाशनव्यवहाराची चिकित्सा समीक्षेने करावी. अन्यथा वारसा म्हणून केवळ आख्यायिका उरतील.