समांतर संगणनाची साधने आणि नाशिकचा कारखानदार : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात महासंगणकाचा विषय निघाला की चर्चा ‘परम’पाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. अमेरिकेकडून हवा तो क्रे संगणक मिळण्यात अडथळे आले, १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला, हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानमालांतून पुष्कळ वेळा सांगून झाला आहे. तो अभिमानास्पद आहे यात वाद नाही. मात्र या कथनाचा नायक सर्वत्र यंत्रच आहे. त्या यंत्रावर चालावयाच्या आज्ञावली कोणी लिहाव्यात, कशाच्या साहाय्याने लिहाव्यात आणि कारखान्यातील अभियंत्याने त्या कशा हाताळाव्यात, हे प्रश्न तळटीपेतही क्वचितच येतात.

प्रस्तुत लेखात यंत्रांऐवजी साधनांचा, म्हणजे समांतर आज्ञावली तयार करणे, तपासणे व वापरणे सुकर करणाऱ्या संगणकप्रणालींचा, विचार केला आहे. ही साधने उद्योगांनी समांतर संगणन स्वीकारावे यासाठी आहेत असे म्हटले जाते. हे ‘उद्योग’ नेमके कोण, असा प्रश्न सातपूर, अंबड व सिन्नरच्या औद्योगिक वसाहती डोळ्यांसमोर ठेवून विचारला, तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही.

यंत्र बदलले की साधनही बदलले

‘परम ८०००’ हा ट्रान्सप्युटर नावाच्या प्रक्रियकांवर आधारलेला होता. प्रत्येक प्रक्रियकाला स्वतःची स्मृती होती व शेजारच्या प्रक्रियकाशी निरोपांची देवाणघेवाण करूनच काम पुढे सरकत असे. यासाठी सी-डॅकने ‘पॅरास’ हे आज्ञावली-विकासाचे वातावरण तयार केले. त्या काळाचा विचार करता ते मोठेच काम होते. पुढे १९९२ मध्ये ८६००, १९९४ मध्ये ९०००, १९९८ मध्ये १००००, २००३ मध्ये ‘परम पद्म’ आणि २००८ मध्ये ‘परम युवा’ अशी मालिका आली. तिच्यात ट्रान्सप्युटरच्या जोडीला आय८६०, मग स्पार्क, मग आयबीएमचा पॉवर आणि त्यानंतर इंटेलचा झिऑन असे प्रक्रियकच पालटत गेले. एका विशिष्ट यंत्राच्या अंगाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी नेता येत नाही. संशोधन संस्थेला हे परवडते, कारण पुनर्लेखन हाही तेथे संशोधनाचाच भाग असतो. कारखान्याला मात्र दर चार वर्षांनी नवी भाषा शिकणे परवडत नाही.

या अडचणीवरचा खरा उतारा जागतिक पातळीवरच सापडला. १९९४ साली निरोपांच्या देवाणघेवाणीचे एमपीआय हे सामाईक मानक आले आणि १९९७ पासून एकाच स्मृतीवर काम करणाऱ्या प्रक्रियकांसाठी ओपनएमपी आले. सी-डॅकनेही एमपीआयची स्वतःची आवृत्ती सिद्ध केली. आज पुण्यात लिहिलेली आज्ञावली एडिनबरोत चालते ती या मानकांमुळे. तरीही मानकाने आज्ञावली हलवण्याची सोय झाली, लिहिण्याचे कष्ट उरलेच.

‘युक्का’चे आश्वासन आणि त्याची मर्यादा

हे कष्ट यंत्रावरच सोपवावेत, हा विचार साहजिक आहे. एकामागून एक चालणारी जुनी आज्ञावली द्यावी आणि साधनाने तिचे समांतर रूप परत करावे. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने घडवलेले ‘युक्का’ हे साधन याच जातीचे. ते सी भाषेतील मूळ आज्ञावली वाचते, तिच्यातील कोणती कामे व कोणती आवर्तने परस्परांवर अवलंबून नाहीत हे शोधते आणि पीथ्रेड्स व ओपनएमपी यांच्या रचना घालून बहुप्रक्रियकी रूप तयार करते. मराठी मुलखात, एका खाजगी कंपनीने, मोटार उद्योगासाठी संगणकप्रणाली लिहिण्याच्या स्वतःच्या व्यवसायातून असा प्रयत्न करावा याचे कौतुक केले पाहिजे. आपल्या संगणकशास्त्राच्या वर्गांत त्याचा उल्लेख होत नाही, याचे वैषम्य वाटते.

या पद्धतीचे तत्त्व द्राक्षबागेच्या उदाहरणाने समजून घेता येईल. विरळणीच्या वेळी दहा मजूर दहा ओळींत एकाच वेळी काम करू शकतात, कारण एका ओळीतील घडाचे मणी दुसऱ्या ओळीवर अवलंबून नसतात. विटांची भिंत मात्र तशी रचता येत नाही, कारण खालचा थर झाल्यावाचून वरचा लागत नाही. आज्ञावलीतील आवर्तन विरळणीसारखे आहे की भिंतीसारखे, हे साधनाला ओळखावे लागते. सी भाषेत स्मृतीचे पत्ते धरून व्यवहार करणारे पॉइंटर असल्यामुळे ही ओळख अवघड होते. दोन नावे एकाच जागेकडे बोट दाखवीत आहेत की नाही, हे मजकूर वाचून नेहमीच ठरवता येत नाही. शंका आली की प्रामाणिक साधन ते आवर्तन आहे तसेच सोडून देते, आणि ते योग्यच आहे.

मात्र सोडून दिलेल्या भागाची किंमत मोठी असते. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला हिशेब येथे लागू पडतो. एखाद्या आज्ञावलीचा ९० टक्के भाग समांतर झाला व १० टक्के क्रमानेच चालत राहिला, तर १६ प्रक्रियक लावून वेग सुमारे ६.४ पट होतो, ६४ लावून जेमतेम ८.८ पट, आणि कितीही लावले तरी १० पटींची मर्यादा ओलांडत नाही. म्हणजे खरी मिळकत शेवटच्या दहा टक्क्यांत आहे, आणि त्या दहा टक्क्यांसाठी गणिती पद्धतच बदलावी लागते. ती बदलण्याचे काम अद्याप माणसाचेच आहे. परदेशातही १९९३ साली ‘हाय परफॉर्मन्स फोरट्रान’ मोठ्या अपेक्षेने आली व काही वर्षांतच मागे पडली. तेव्हा हे अपयश केवळ आपले नव्हे.

याहूनही मूलभूत आक्षेप वेगळा आहे. ‘युक्का’ असो वा सी-डॅकने केलेले स्वयंचलित समांतरीकरणाचे प्रयत्न असोत, त्यांचे गृहीतक असे की वापरणाऱ्याजवळ मूळ आज्ञावली आहे. संगणकप्रणाली लिहिणाऱ्या कंपनीजवळ ती असते. अंबडमधील साचे बनवणाऱ्या, विद्युत स्विचगिअरचे भाग करणाऱ्या किंवा वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या मध्यम कारखान्याजवळ ती नसते. तो ताण, उष्णता वा प्रवाह यांचे विश्लेषण करणारी प्रणाली विकत अथवा भाड्याने घेतो, आणि तिचे अंतरंग त्याच्यासाठी बंद असते. अशा कारखानदाराच्या हाती सर्वोत्कृष्ट समांतरीकरण साधन ठेवले, तरी त्यात घालण्याजोगे त्याच्याकडे काहीच नाही.

विश्वासाचा प्रश्न

समांतर संगणनावरील लेखनात वेगाची चर्चा उदंड होते, विश्वासाची अत्यल्प. संगणकातील अपूर्णांकांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर तिचे शेवटचे अंक अवलंबून असतात, कारण प्रत्येक टप्प्यावर पूर्णांकन होते. एकाच प्रक्रियकावर क्रम ठरलेला असतो. आठ प्रक्रियकांवर कोणाचे उत्तर आधी आले यानुसार तो बदलू शकतो. परिणामी तेच गणित दोनदा केले असता सातव्या-आठव्या दशांश स्थळी फरक पडतो. गणितज्ञाला हे क्षम्य वाटते. ज्याला ग्राहकाच्या गुणवत्ता विभागापुढे अहवालावर सही करावयाची आहे, त्या अभियंत्याला ‘काल एक उत्तर, आज दुसरे’ हे सहन होत नाही. तो पुन्हा एकाच प्रक्रियकावर गणित चालवतो आणि रात्रभर थांबतो. हा अडाणीपणा आहे असे समजणे चूक ठरेल. दिलेल्या परिस्थितीत तो विवेकच आहे.

येथे आवश्यक असलेले साधन वेग वाढवणारे नाही. पडलेला फरक पूर्णांकनाचा आहे की आज्ञावलीतील दोषाचा, हे अभियंत्याच्या भाषेत सांगणारे साधन हवे. समांतर दोषशोधक उपलब्ध आहेत, पण ते आज्ञावली लिहिणाऱ्याशी बोलतात. निकाल वापरणाऱ्याशी बोलत नाहीत.

यंत्र टेबलावर आले आहे

‘यंत्रच परवडत नाही’ हे कारण आता पुढे करता येणार नाही. ‘परम ८०००’च्या २५६ प्रक्रियकांची सैद्धांतिक क्षमता सुमारे एक गिगाफ्लॉप होती. आज सातपूरच्या रेखाटन विभागातील साधा संगणकही शेकडो पट क्षमतेचा, व बहुप्रक्रियकीच, असतो. त्याचे बहुतेक प्रक्रियक दिवसभर स्वस्थ बसतात. याचे एक कारण तांत्रिक नाही, व्यापारी आहे. अनेक विश्लेषण प्रणालींचा परवाना वापरावयाच्या प्रक्रियकांच्या संख्येनुसार महाग होत जातो. वेग विकत घेण्यापेक्षा वाट पाहणे स्वस्त पडते.

सी-डॅकने या तळाच्या वापरकर्त्याकडे अगदीच पाठ फिरवलेली नाही. ‘परम शावक’ हा टेबलाशेजारी मावणारा संगणक महाविद्यालयांसाठी आला. त्याच्या जोडीला यंत्र, विद्युत, स्थापत्य, रसायन आदी शाखांतील मुक्त प्रणाली एकत्र बांधून दिलेला ‘ओनामा’ हा संच आला. (नाव मोठे समर्पक आहे, आपल्या आज्यांनी पाटीवर गिरवलेला ओनामा आठवतो.) पण त्याची दिशा विद्यार्थ्याकडे आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियान मार्च २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झाले. त्यातील उपयोजनांमध्ये जनुकशास्त्र व औषधशोध, नागरी हवामानाचे प्रारूप, नदीखोऱ्यांतील पूरसूचना, तेल-वायूसाठी भूकंपलहरींचे प्रतिमाकरण व दूरसंचार जाळ्यांचे नियोजन असे विषय आहेत. सर्व महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. पण ओतकाम, घडाई, साचे व स्विचगिअर या यादीत नाहीत. उद्योग म्हणून जो दिसतो तो तेल शोधणारा.

खाजगी क्षेत्राचे चित्रही फार निराळे नाही. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या जागतिक क्रमवारीत चौथा आला. उद्योगाने उद्योगासाठी उभारलेले हे यंत्र नाशिकपासून अवघ्या दोनशे किलोमीटरवर होते. २०१२ मध्ये ती कंपनी टीसीएसमध्ये सामील झाली. आज आपल्याला ‘एका’चा क्रमांक आठवतो; त्यावर कोणत्या कारखान्याचा कोणता भाग सुधारला, हे सांगणारे लेखन मराठीत नाही.

दुसरा मार्ग

युरोपीय समुदायाने १९९४ ते १९९६ या काळात ‘युरोपोर्ट’ हा प्रकल्प राबवला. त्यात उद्योगांत आधीच रुळलेल्या ३८ प्रणाली निवडून त्यांच्या मालकांनाच समांतर रूपांतरासाठी साहाय्य देण्यात आले. कारखान्याने काही नवे शिकायचे नव्हते. तो ओळखीचीच प्रणाली वापरत राहिला, फक्त ती आतून समांतर झाली. पुढे २०१३ मध्ये ‘फोर्टिसिमो’ने लहान-मध्यम उद्योगांना दूरस्थ महासंगणकावर सेवा म्हणून विश्लेषण देऊ केले. माझ्या मते उद्योगांच्या स्वीकाराचा खरा इतिहास या प्रयत्नांतून वाचावा, यंत्रांच्या क्रमवारीतून नव्हे.

आपल्याकडचे याच्या सर्वांत जवळचे उदाहरण महासंगणनाच्या चर्चेत कधी येतच नाही. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या मार्गदर्शनाखाली ओतकामासाठी ‘ऑटोकास्ट’ ही प्रणाली आणि ‘ई-फाउंड्री’ ही ऑनलाइन सुविधा विकसित झाली. ओतकाम करणाऱ्याने भागाचे त्रिमितीय प्रारूप पाठवायचे, आणि धातू कोठे सर्वांत शेवटी गोठेल, म्हणजे पोकळी कोठे पडण्याचा संभव आहे व रायझर कोठे द्यावा, याचे चित्र परत घ्यायचे. कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्रीवाल्याला पॉइंटर ठाऊक असण्याची गरज नाही; त्याला रायझर ठाऊक आहे. साधन त्याच्या शब्दांत उत्तर देते. आत किती प्रक्रियक राबतात हे त्याला विचारावेसेही वाटणार नाही.

नाशिकमध्ये असा प्रयोग करावयाचा तर एक अडसर प्रथमच दूर करावा लागेल. सुटे भाग करणाऱ्याजवळील रेखाटने बहुधा त्याची नसतात. ती मोठ्या ग्राहकाची असतात आणि गोपनीयतेच्या कराराने बांधलेली असतात. ती पुण्याच्या वा अन्य यंत्रावर पाठवायची म्हणजे ग्राहकाची लेखी संमती हवी, पाठवलेली माहिती पुसली गेल्याचा दाखला हवा. हे दोन्ही पुरवणारे साधन तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि शोधनिबंधाचा विषय म्हणून फारसे आकर्षकही नाही. कदाचित म्हणूनच आमच्या अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागांच्या प्रकल्पयादीत एमपीआयने केलेला मॅट्रिक्सचा गुणाकार दरवर्षी असतो आणि हे नसते.