पाठ्यपुस्तकातला चौकोन आणि विजापूरकरांचा प्रश्न

बालभारतीच्या पुस्तकात हल्ली एक लहानसा काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. त्यावर मोबाइल धरला की ‘दीक्षा’ ॲपमधून त्या पाठाची चित्रफीत किंवा ध्वनिफीत उघडते. या क्यूआर कोडची चर्चा होते ती ‘डिजिटल शाळा’ म्हणून, म्हणजे साधन म्हणून. पण त्यातून उघडतो तोही पाठ्यपुस्तकाचाच मजकूर. मग धड्याची आणि कवितेची जशी समीक्षा करतो, तशी त्याचीही करायला हवी. तो कोणाशी बोलतो? कोणत्या भाषेत? हे प्रश्न मी मावळातून विचारतो आहे, आणि त्याला कारण आहे.

आधी या चौकोनाची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले शिक्षक होते. तिथल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड, आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले यांनी मुलांची भाषा शिकून घेतली, पुस्तके त्या भाषेत आणली, आणि कविता ऐकता याव्यात, धडे पाहता यावेत म्हणून त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. तोवर चौकोन राज्याच्या पाठ्यपुस्तकांत पोचलाही होता.

परितेवाडीतल्या कामाचा अर्धा भाग भाषेचा होता. राज्यभर गेला तो उरलेला अर्धा.

चौकोनातून उघडणाऱ्या चित्रफिती नमुन्यादाखल पाहाव्यात. त्यांतल्या अनेकींत पुस्तकातल्याच प्रमाण मराठीत धड्याचा अर्थ पुन्हा सांगितलेला असतो. चित्रे हलतात, मागे संगीत असते. पण रचना जुन्या गाइडचीच: शब्दार्थ, सारांश, प्रश्नोत्तरे. नव्या साधनाने शिकवण्याची रीत बदलली असे म्हणायला इथे फारसा आधार नाही. उपयोग नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे त्या शाळेत एक वर्ग कविता ऐकत असला की दुसऱ्याकडे लक्ष देता येते. ज्याच्या घरी वाचून दाखवणारे कोणी नाही त्या मुलाला निदान कोणाचा तरी आवाज मिळतो. प्रश्न त्या आवाजाच्या भाषेचा आहे.

लोणावळ्यात हा प्रश्न चटकन जाणवत नाही. तिथून खाली उतरून आंदर मावळाच्या, नाणे मावळाच्या आतल्या वाड्यांवर गेले की जाणवतो. तिथे ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या आहेत. परितेवाडीत कन्नड मराठीहून उघडच वेगळी, म्हणून शिक्षकाला अडचण दिसली. इथे बोली मराठीच्या इतकी जवळ की ती वेगळी आहे हेच ध्यानात येत नाही. पहिलीतले कातकरी मूल पुस्तकातल्या वाक्याशी अडखळते, तेव्हा त्याला वेगळी भाषा येते असे कोणी म्हणत नाही. ते अशुद्ध बोलते असे म्हणतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे सांगितले आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणानेही तेच म्हटले. पण वाडीवरच्या मुलाची मातृभाषा कोणती, या रकान्यात आपण ‘मराठी’ लिहून मोकळे होतो.

मावळाला यंत्राचे अप्रूप नवे नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५पासून खोपोलीत, आणि आंद्रा खोऱ्याचे १९२२पासून भिवपुरीत, मुंबईसाठी वीज करते आहे. साधन इथे आले तरी कोणासाठी आले हे पाहायची सवय या तालुक्याला असायला हरकत नाही.

आणि शिक्षणाचा नवा प्रयोगही इथे पहिल्यांदा होत नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी स्वदेशीच्या दिवसांत कोल्हापुरात काढलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाड्याला आले. मातृभाषेतून शिक्षण आणि त्याला हाताच्या उद्योगाची जोड, हे त्याचे सूत्र. त्याच तळेगावात १९०८च्या सुमारास पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. म्हणजे ती मंडळी यंत्राला भिणारी नव्हती. विजापूरकरांनी त्याआधी ‘ग्रंथमाला’ मासिक चालवले तेही आधुनिक ज्ञान मराठीत यावे म्हणून. नवे ज्ञान हवेच, पण ते शिकणाऱ्याच्या भाषेत कसे उतरेल, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने १९१०मध्ये विद्यालय बंद पाडले. त्यांच्या विचारालाही एक मर्यादा होती. त्यांच्यापुढे इंग्रजीविरुद्ध मराठी असा सामना होता. मराठीच एखाद्या मुलाला परकी असू शकते, हे त्या चित्रात नव्हते. आपल्या चित्रात ते असायला हवे.

परक्या वाणाशी स्थानिक वाणाचा संकर करून पाहायची रीत या तालुक्यात आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आयआर ८ जसाच्या तसा लावून भागवले असते तर हा वास ताटात आला नसता.

शाळेसाठी असे करणे महाग नाही. ज्या मोबाइलवर चित्रफीत पाहायची त्याच मोबाइलवर आवाज टिपता येतो. वाडीवरच्या आजीने सांगितलेली गोष्ट, लावणीच्या वेळचे शब्द, माशांची आणि रानभाज्यांची नावे मुलांनीच टिपावीत, शिक्षकाने ती लिहून घ्यावीत आणि पहिलीच्या वाचनाला तीच पहिली पाने असावीत. प्रमाण मराठी तिथून पुढे शिकवावी. याला ॲप लागत नाही. शिक्षकाला बोली कानावर बसेपर्यंत वेळ मात्र लागतो, आणि तोच मिळत नाही. शिक्षकांच्या बदल्या आता ऑनलाइन होतात. २०१७च्या धोरणाने अशा वाड्यांना ‘अवघड क्षेत्र’ म्हटले, आणि तिथे तीन वर्षे सेवा झाली की शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क दिला. बोली समजू लागते ती साधारण तेव्हाच.